गैरहजर पहिला

१९९४ सालच्या डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी सात. हजर : ड्रॉइंगचे सर, सलूनवाले बबनराव, पेन्शनर पोस्टमास्तर, शाळेतल्या शिपाई अनसूयामावशी आणि मी. साहित्य : पाट्या चार, विळे तीन, खोरी दोन. जागा : ओढा, पुलापासून कृष्णेला मिळतो तिथपर्यंत.

कराडच्या खालच्या अंगाला आमचं गाव. तिथला ओढा साफ करायला आम्ही पहिल्यांदा जमलो, त्या दिवशीचा हा कागद. मी त्याच शाळेत कारकून. कागद केल्याशिवाय मला कामाला हात घालता येत नाही. मावशींनी तो मला वाचायला लावला आणि म्हणाल्या, “आवं ताई, आल्याली तर म्होरं दिसत्यातच. येतो म्हणून न आल्याली लिवा.”

लिहिली. नऊ निघाली.

मावशींनी अठ्ठावीस वर्षं शाळेची घंटा वाजवली होती. मुलगा शाळेत आला नाही की हेडमास्तर त्यांनाच त्याच्या घरी पाठवायचे. ती सवय त्यांनी ओढ्यावर आणली. दुपारी काम आटोपलं की चिखलाच्या पायांनी एकेका दारात जाऊन त्या एवढंच विचारायच्या, “आज का आला न्हाईसा?” रागावणं नाही, उपदेश नाही. बँकेतल्या कॅशियरनी ताप आल्याचं सांगितलं, तर त्यांच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “गार हाय की. मग फुडच्या रविवारी.” पुढच्या रविवारी कॅशियर सर्वांच्या आधी हजर.

गैरहजरांत पहिलं नाव कायम दत्तूचं असायचं. दत्तू त्यांचा मुलगा. पुलालगत त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज. जळकं ऑइल तो मागच्या मोरीतून थेट ओढ्यात सोडायचा. पाण्यावर काळानिळा तवंग पसरायचा. मावशी त्यावर गव्हाचं भुस्काट टाकायच्या, ते ऑइल प्यायलं की पाटीत ओढून घ्यायच्या. दत्तू वरून बघायचा. तोही “येतो, आये” म्हणालेला होताच.

बबनरावांनी एकदा टोमणा मारला, “मावशी, गाव फिरताय, आधी घरचा तर आणा.”

“व्हय की. म्हणून तर त्याच्याच दारात पयल्यांदा जाती. न्हाईतर तुमच्या दारात कुठल्या तोंडानं यीन?”

आणि त्या खरंच आधी गॅरेजवर जायच्या. “का रं, आज का आला न्हाईस?” “आये, गिऱ्हाईक खोळंबल्यात.” “बरं. फुडच्या रविवारी.” रविवारामागून रविवार हेच तीन वाक्यांचं बोलणं. ऐकताना मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

म्हणून एका रविवारी मी दत्तूचं नाव गाळलं. मावशींना तेवढाच त्रास कमी, असा माझा हिशेब. गैरहजरांची नावं वाचून झाली आणि मावशी हातातली पाटी ठेवून दगडावर बसल्या.

“ताई, शाळंत पोराचं नाव कवा काढत्यात?”

“दाखला दिल्यावर.”

“मग? मी दिलाय का दाखला?”

मी पेन काढून नाव परत घातलं. पहिल्या क्रमांकावर.

त्या बोलण्याचा अर्थ मला पुरता कळला तो १९९७ साली. माझे यजमान गेले आणि चार महिने मी नोकरीखेरीज कुठं गेले नाही. दर रविवारी दुपारी मावशी दारात. “आज का आला न्हाईसा, ताई?” उत्तराची वाट न बघता त्या निघून जायच्या. पाचव्या महिन्यात एका सकाळी विळा घेऊन मी ओढ्यावर उतरले. ड्रॉइंगच्या सरांनी मागचे कागद माझ्या हातात दिले. सतरा रविवार. प्रत्येकावर गैरहजरांत माझं नाव, दत्तूच्या खाली. मी कुठं उरले आहे असं मला वाटत नव्हतं, तेव्हा एका कागदावर माझी जागा राखलेली होती. मावशींचे हे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. दहावं झाल्यावर दत्तूनं मोरी सिमेंटनं बुजवली आणि ऑइलसाठी कापलेलं बॅरल ठेवलं. आता पाण्यावर तवंग येत नाही. बबनराव म्हणाले, “ऑइल बंद झालं. आता काढा त्याचं नाव.” मी म्हटलं, दाखला द्यायचा अधिकार मला नाही.

ओढ्यात मात्र तो अजून उतरलेला नाही. दर रविवारी त्याच्या दारात आता मी जाते. “दत्तू, आज का आला नाहीस?” “ताई, गिऱ्हाईक खोळंबलंय.” परवा मी विचारल्याबरोबर त्यानं चिंधीला हात पुसले, चप्पल शोधली, एक पाय तिच्यात घातलासुद्धा, तेवढ्यात एक जण बंद पडलेली गाडी ढकलत आला.

“बरं. पुढच्या रविवारी,” म्हणून मी घरी आले. कागदावर हजरांत दत्तूच्या नावाची जागा अजून मोकळी आहे.