टम्मूचा चातुर्मास

कौशल्याबाई खोड्यांना फसवणं सोपं नव्हतं. दूधवाल्यालाच विचारा. सेक्टर पाचमध्ये अख्ख्या गल्लीचं दूध तोच घालायचा, पण बिचकायचा तो एकाच दारात. बाईंकडे लॅक्टोमीटर होता. काचेची ती नळी रोज सकाळी दुधात सोडायची, ती कुठवर बुडते ते वाकून बघायचं आणि मग म्हणायचं, "भैया, आज तुझी म्हैस नळाखाली बांधली होती का रे?" बिचारा खाली मान घालून पुढच्या दाराकडे सटकायचा.

आणि अशा बाईच्या लॅक्टोमीटरवर त्र्याऐंशी साली एका माशानं कब्जा केला.

झालं असं. बाईंचा धाकटा भाऊ भैय्याजी दुर्गला रेल्वेत गार्ड होता. हावड्याच्या बाजूनं येताना तो दर वेळी काही ना काही उचलून आणायचा. कधी नारळ, कधी शिंपल्याची माळ. त्या खेपेला दुधाची बरणी घेऊन आला, आत अंगठ्याएवढा एक मासा. हिरव्या पाठीवर काळे ठिपके, पोट पांढरंफेक आणि डोळे असे गोल गोल, की जणू कुणीतरी त्याला आत्ताच काही धक्कादायक सांगितलंय.

"खाचा नाही हं ताई, विषारी हाये," भैय्याजी म्हणाला.

"मंग काय पूजा करू त्याची?" कौशल्याबाई म्हणाल्या. "कावून आणलं हे बेनं?"

पण त्यांचे यजमान गुलाबराव तोवर बरणीपुढं मांडी घालून बसलेसुद्धा होते. गुलाबराव पोलादाच्या प्लांटमध्ये, पाणी तपासायच्या लॅबमध्ये. दिवसभर पाणी तपासून घरी आलेल्या माणसानं घरी तरी पाण्याचं नाव काढू नये, पण छे! महिन्याभरात बैठकीत काचेची टाकी आली. शेजाऱ्यांकडे त्या जागी टीव्ही होता. खोड्यांकडे मासा.

मासा मात्र दिवसेंदिवस काळवंडत चालला. विकणाऱ्यानं तो गोड्या पाण्यातला म्हणून खपवला होता. लॅबमधल्या एका बंगाली साहेबानं सांगितलं, अरे, हा खाडीतला, नदी समुद्राला मिळते तिथला. याला ना गोडं पाणी चालत, ना पुरतं खारं. अधलंमधलं लागतं. झालं! गुलाबरावांनी पावर हाउसच्या बाजारातून खडेमीठ आणलं, अहिवारा गावच्या खाणीवरून चुनखडीचे दगड आणले आणि मिठाचं माप जमेना तेव्हा हळूच बायकोचा लॅक्टोमीटर टाकीत सोडला. दूध काय, पाणी काय, पातळ-दाट मोजायची नळी ती एकच. आठ-दहाच्या रेघेवर नळी तरंगली आणि आठवड्यात माशाचं पोट पुन्हा पांढरं झालं.

"आता दूधवाल्याले मी काय दाखवू?" बाई कडाडल्या.

"तुया डोळा दाखव," गुलाबराव म्हणाले. "तेवढा पुरे."

एकदा बाईंचा झाडू टाकीच्या काचेवर आपटला तर मासा टम्म फुगला, लिंबाएवढा गोल, अंगभर बारीक काटे. बाई घाबरल्या. "अवो, याले गॅस झाला वाटते! ओव्याचं पाणी देऊ का?" त्यांची मुलगी विजया, कॉलेजात जाणारी, हसून हसून लोळली. "आई, वो डर गया है! भीती वाटली की फुगते तो." त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं टम्मू.

आता खरी गोष्ट सांगायची तर बाईंना तो आवडला होता. कबूल मात्र मेल्या तरी केलं नसतं. थोरली तारा लग्न होऊन अकोल्याला गेलेली, विजया कॉलेजात, गुलाबराव ड्यूटीवर. दुपारचं घर खायला उठायचं. बाई मटार सोलायला टाकीपाशी बसल्या की टम्मू काचेशी येऊन अंग हलवत उभा राहायचा आणि एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे फिरवत ऐकायचा. गल्लीतली कुणाची सून कुणाशी भांडली, हे सगळं टम्मूला ठाऊक. गुलाबराव आले की तो ढुंकून बघायचा नाही. "खाऊ मी आणतो, अन् शेपटी तुले हलवते!" गुलाबराव कुरकुरायचे. बाई वरून "हूं" करायच्या आणि आतून सुखावायच्या.

खाऊ म्हणजे गोगलगायी. गुलाबराव रविवारी लुना काढून मरोद्याच्या तलावावर जायचे आणि डबाभर आणायचे. छत्तीसगढी लोक तिला घोंघी म्हणतात. टम्मूच्या तोंडात पक्ष्याच्या चोचीसारखे दात. कड्! की कवच फुटलं. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

आणि तिथंच आषाढात माशी शिंकली.

कौशल्याबाईंचा चातुर्मास म्हणजे चातुर्मास. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत घरात कांदा नाही, वांगं नाही, अंड्याचं नावसुद्धा नाही. बावीस वर्षांत नियम मोडला नव्हता. ताराच्या बाळंतपणातही नाही. एकादशीच्या दिवशी त्यांनी टाकीसमोर उभं राहून जाहीर केलं, "आजपासून या घरात जीव फोडल्याचा आवाज नाही पाहिजे. चार महिने घोंघी बंद."

"अवं, तो मासा हाये! त्याले काय वरण-भात घालू?"

"काय घालाचं ते घाला. पण मले दिसलं नाही पाहिजे, ऐकू आलं नाही पाहिजे."

मग गुलाबरावांनी तोड काढली. रोज संध्याकाळी टम्मूला मगात घ्यायचं, मागच्या ओट्यावर न्यायचं आणि तिथं मऊ मऊ गांडुळं चारायची. ना आवाज, ना दर्शन. बाई त्या वेळी देवापुढं डोळे मिटून बसायच्या. देव राजी, मासा राजी. बाईंना तर आपल्या या व्यवस्थेचा मोठा अभिमान. शेजारच्या सुशीलेला सांगायच्या, "आमच्या घरी मासासुद्धा चातुर्मास पाळते!"

श्रावण गेला, पोळा गेला, दिवाळी झाली. आणि कार्तिकी आठवड्यावर आली तेव्हा टम्मूनं खाणं सोडलं.

गांडूळ तोंडाशी घ्यायचा, चघळल्यासारखं करायचा आणि थुंकायचा. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. गुलाबरावांनी पाणी बदललं, लॅक्टोमीटर सोडला, थंडी म्हणून बल्ब लावला. सगळं ठीक, फक्त मासा ठीक नाही. पोट पाठीला लागलं. दुपारी बाई बसल्या की तरीही यायचा काचेशी, पण अंग हलवायचं त्राण राहिलं नव्हतं. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, बाईंनी चष्मा चढवून काचेला नाक लावलं आणि किंचाळल्या, "अवो! याचे दात पाहा!"

वरचे दात वाढून खालच्या ओठावर आले होते. तोंड उघडायलाच जागा नव्हती.

बाई वरूडकडच्या शेतकऱ्याची लेक. त्यांना एका क्षणात उमगलं. बाप म्हणायचा, बकरी दावणीलाच बांधून ठेवली की तिचे खूर वाढतात. दगडाधोंड्यांत हिंडली की आपोआप झिजतात. चार महिने टम्मूनं काही कडक फोडलं नव्हतं. चार महिने दात वाढत राहिले.

"हे माझ्यानं झालं," बाई खाली बसल्या. "मी उपाशी मारून राहिली त्याले. माझ्या पुण्यासाठी." आणि ज्या बाईला दूधवाल्यानं कधी नरम पडलेलं पाहिलं नव्हतं, ती पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

गुलाबराव गडबडले. रडणाऱ्या बायकोचं काय करायचं असतं हे लॅबमध्ये शिकवत नाहीत. पण बाईंचं रडणं पाच मिनिटांचं. नाक पुसून उठल्या. "विजये, नेलकटर उकळत्या पाण्यात टाक. अन् माझ्या दाढेचं लवंगेल आण."

"आई, तू करेगी क्या?"

"बकरीचे खूर कापले मी. दात का नाही कापता येणार?"

आपली दाढ बधिर होते तर त्याचंही तोंड होईल, हा बाईंचा हिशेब. शिशीत टाकीचंच पाणी घेतलं, दोन थेंब लवंगेल टाकून खडखडा हलवलं आणि ते मगात ओतलं. टम्मू त्यात फिरला, डुलला आणि आडवा झाला. गुलाबरावांनी त्याला ओल्या मलमलीत धरलं.

"मी डोळे मिटतो बापा."

"डोळे मिटा. हात नका सोडू."

कट्. खसखशीएवढा तुकडा उडाला. कट्. दुसरा. बाईंचा हात असा स्थिर की शिवणाऱ्या बाईनं बघावा. मिनिटभरात टम्मू परत टाकीत.

तो तळाशी एका कुशीवर पडला. हालचाल नाही.

बाई टाकीसमोर बसून राहिल्या. चुलीवर काही नव्हतं, कुणी विचारलंही नाही. दहा मिनिटांनी एक कल्ला हलला. मग दुसरा. मग शेपटी. टम्मू सरळ झाला, धडपडत काचेशी आला आणि बाईंकडे बघू लागला. विजयानं टाळी वाजवली. गुलाबरावांनी आनंदानं गांडूळ टाकलं. टम्मूनं तोंड फिरवलं.

"पाच दिवसांचा उपाशी हाये, आता नाही खाल्लं तर..." गुलाबराव अडखळले. मग चाचरत म्हणाले, "तीनच दिवस राहिले एकादशीले. झाली की लगेच घोंघी आणतो."

"तीन दिवस? कोणाले हायेत तीन दिवस, त्याले?" बाई उसळल्या. "लुना काढा. मरोद्याले जा. आत्ता!"

गुलाबराव अर्ध्या तासात डबा घेऊन आले आणि सवयीनं तो रोजचा मग शोधू लागले, मागच्या ओट्यावर न्यायला. बाईंनी डबा हातातून काढून घेतला. बैठकीत, देव्हाऱ्यासमोरून, सगळ्यांच्या देखत टाकीपाशी गेल्या. एक बारीकशी गोगलगाय निवडली. क्षणभर देवाकडे पाहिलं. "देवा, नियम माझा होता. दात त्याचे होते," त्या म्हणाल्या आणि ती पाण्यात सोडली.

टम्मू आला. एक डोळा गोगलगायीवर, एक डोळा बाईंवर.

कड्!

बावीस वर्षांत त्या घरात चातुर्मासात असा आवाज झाला नव्हता. गुलाबराव धास्तीनं बायकोकडे बघत राहिले. बाईंचे गाल ओले होते आणि तोंडभर हसू.

"पाहून काय राहिले?" त्या म्हणाल्या. "दुसरी द्या. खाय रे बापा, खाय. तुया चातुर्मास सुटला."