हाकलणाऱ्या सिस्टर

घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्या मला घराबाहेर काढत. पर्स खिळ्याला अडकवली, कोपरापर्यंत हात धुतले, की पहिलं वाक्य ठरलेलं, "तू अजून इथेच? चप्पल घाल आणि नीघ." घर माझं, पोरगी माझी आणि हुकूम यांचा. चाळीत त्यांना हाकलणाऱ्या सिस्टर असंच नाव पडलं.

माझ्या चिऊच्या गळ्यात श्वासासाठी नळी बसवलेली आहे. नळीत कफ साठला की मशीनने ओढून काढावा लागतो, आणि तो कधी साठेल याचा नेम नसतो. तिला इस्पितळातून घरी आणल्यापासून मी आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करत होते. सरकारी योजनेतून दुपारी घरी नर्स मिळणार म्हणाले, तेव्हा वाटलं, चला, सोबत झाली, दोघी मिळून बघू. सोबत कसली, बाईंनी पहिल्याच दिवशी मला विठ्ठलवाडीच्या रस्त्यावर उभं केलं.

जायचं तरी कुठे? एसटी डेपोपर्यंत जायचे, परत फिरायचे, दाराला कान लावायचे. आतून आवाज यायचा, "बांगड्या ऐकू येतायत मला. जा." मग खाली दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचे. दुकानवाले सिंधी काका गल्ल्यावरून विचारायचे, "आज भी निकाल दिया क्या?" मला इतका संताप यायचा की रडू फुटायचं. एकदा भांडलेच मी. म्हटलं, "सिस्टर, बाहेर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही हो." नळीची पट्टी बदलता बदलता त्या म्हणाल्या, "तू घरात असलीस की पोरगी खेळत नाही, तुझं तोंड बघत बसते. आणि तू तिला बघतच नाहीस, मशीनला बघतेस." मी चप्पल घातली.

माझ्या सासूबाई एकदा त्यांच्यापुढे नारळ धरून म्हणाल्या, "केवढे उपकार तुमचे." सिस्टर वैतागल्या. "उपकार कसले, आजी? बारवीचं पाणी नळाला आलं की धरणाच्या पाया पडायला जाता का? नाही आलं तर मात्र हंडे घेऊन ऑफिसात जाता ना? मग हेही तसंच मागायचं." नारळ मात्र घेतला. चटणीला होईल म्हणाल्या.

एके दिवशी हाकलताना त्यांनी मला पत्ताच दिला. "उगाच डेपोला चकरा मारतेस, त्यापेक्षा चिखलोलीला जा. सुनंदा नावाची मुलगी आहे, तिच्याशी बोल." सिस्टर आधी ज्या वॉर्डात होत्या तिथे सुनंदाचा मुलगा होता, चिऊसारखीच नळी असलेला. घरी नर्स येत असेल तर डॉक्टर त्याला सोडायला तयार होते. पण योजना आमच्या शहराच्या हद्दीत संपत होती आणि चिखलोली हद्दीबाहेर. सुनंदाने घरी पाळणा बांधून ठेवला होता, त्यात कपड्यांच्या घड्या. मला म्हणाली, "ताई, तो आता वॉर्डातल्या मावशींकडे झेपावतो. माझ्याकडे येताना रडतो."

मग दुपारी मला बाहेर काढलं की मी आणि सुनंदा, चिखलोलीलाही नर्स द्या म्हणून, आरोग्य खात्याच्या ऑफिसात जाऊन बसायला लागलो. घरी परतले की सिस्टर जेवलीस का हे विचारायच्या नाहीत. "साहेब काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

"मग उद्या जा आणि काय बघितलं ते विचारून ये."

आम्ही विचारत राहिलो. साहेब आम्हाला बघून मागच्या दाराने जायला लागले, तर आम्ही मागच्या दाराशी बसलो. शेवटी चिखलोलीला मंजुरी मिळाली. सुनंदा ऑफिसच्या जिन्यातच रडली. मी पेढे घेऊन घरी आले, तर सिस्टर पर्स खिळ्यावरून काढत होत्या. चिखलोलीसाठी त्यांनाच नेमलं होतं. आमच्याकडे नवीन मुलगी येणार होती. मंजुरी मी मागून आणली आणि माझीच सिस्टर गेली. फार राग आला मला, अगदी त्या बाळाचासुद्धा. त्या पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "नवी जरा घाबरट आहे. तिच्यासमोर तू घाबरू नकोस."

नवी सिस्टर गोड स्वभावाची निघाली. "ताई, बसा ना, तुम्ही असलात की धीर येतो," म्हणाली. मी बसले. रोज बसायला लागले. एका दुपारी लक्षात आलं, चिऊ खेळणं खाली ठेवून माझं तोंड बघत होती, आणि मी मशीनला. मी उठून चप्पल घातली. "तुला सगळं येतं," नवीला म्हटलं, "मी आलेच." जिन्यात दोनदा थांबून वर कान दिला, पण उतरले.

चिखलोलीला पोचले तर सुनंदा इमारतीच्या गेटाशी उभी, जावं की थांबावं अशा चेहऱ्याने.

"काढलं?"

"काढलं," ती म्हणाली. "आणि बदलापूरचा पत्ता दिलाय. तिथल्या एकीची मुलगी अजून वॉर्डातच आहे म्हणे. पण आधी वर चला ना ताई, तुम्हाला बघून सिस्टर खूश होतील."

मी वर पाहिलं. खिडकीत सिस्टर उभ्या होत्या, कडेवर सुनंदाचा मुलगा. तो त्यांच्या कानातलं ओढण्यात गुंग होता. मी हात हलवला. डोळे भरून आले होते, वाटलं, आता तरी ये म्हणतील.

त्यांनी मोकळा हात खिडकीबाहेर काढला आणि रस्त्याकडे बोट दाखवलं.

मी रिक्षाला हात केला.