प्रोफेसरबाईंच्या वहीतलं प्रश्नचिन्ह

लंडनहून एडिनबराला निघालेली गाडी इंग्लंडची हद्द ओलांडायच्या बेतात असते, तेव्हा उजव्या हाताच्या खिडकीत एकाएकी समुद्र येतो. कडा, खाली काळे खडक आणि त्यावर फुटणारं पांढरं पाणी. वीस वर्षांपूर्वी मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा धुळ्याहून कायदा शिकायला निघालेली एक बावरलेली मुलगी होते. या खेपेला मी धुळ्यातच कायदा शिकवणारी प्राध्यापिका होते, आणि बावरलेली तितकीच होते.

कारण मी विलेमिना ओस्टरकाम्प बाईंना भेटायला चालले होते.

बाई मूळच्या नेदरलँड्सच्या. त्यांचं गाव समुद्राच्या पातळीपेक्षा खाली होतं. बांध आहे म्हणून गाव आहे, अशी स्थिती. वडील त्या बांधाची देखभाल करायचे. बाई सहा वर्षांच्या असताना एका वादळात बांध फुटला आणि सगळं गाव दोन दिवस चर्चच्या माळ्यावर बसून राहिलं. त्यांच्याकडे जुना रिवाज होता: ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणं झेपत नसेल, त्याने बांधात फावडं रोवून निघून जायचं. जो ते फावडं उपसेल, त्याची ती जमीन आणि त्याचीच ती जबाबदारी. हा कायदा कोणी केला, असं बाईंनी लहानपणी वडिलांना विचारलं होतं. वडील म्हणाले, "पाण्याने." त्या उत्तरावर बाईंचं समाधान झालं नाही आणि त्या वकिलीकडे वळल्या. एका वर्षासाठी म्हणून एडिनबराला शिकवायला आल्या आणि चाळीस वर्षं राहिल्या. सामाईक पाण्याच्या कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आम्हा विद्यार्थ्यांना जवळजवळ पाठ असे.

त्या ग्रंथात आमच्याकडच्या फड पद्धतीवर एक प्रकरण होतं. नदीला बंधारा घालून गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायचं, ती ही पद्धत. पाणी कोणाला द्यायचं हे पाटील एकटा ठरवतो, असं बाईंनी एका जुन्या साहेबी अहवालावरून लिहिलं होतं. वर्गात मी हात वर केला.

"प्रोफेसर, हे चूक आहे."

"पुरावा?"

"माझे आजोबा. ते पाटकरी आहेत, पाटाचं पाणी सोडणारे."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "हयात आहेत? मग ते साक्षीदार आहेत. साक्ष नोंदवायला हवी."

त्या हिवाळ्यात बाई खरोखर धुळे जिल्ह्यात आमच्या गावी आल्या. आठ दिवस आजोबांबरोबर पाटाच्या कडेने हिंडल्या. मी दुभाषी. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण मुळापासून नव्याने लिहिलेलं होतं आणि संदर्भांच्या यादीत पहिलं नाव माझ्या आजोबांचं होतं. चौथी शिकलेल्या माणसाचं.

एवढं सगळं करणाऱ्या बाईंनी मला स्वतःच्या विभागात नोकरी देऊ केली. मी हो म्हटलं. मग घरी आले, पाणी वाटपाच्या तंट्यांसाठी लोक माझ्याकडे येऊ लागले, आणि माझा पाय निघेना. शेवटी एका ओळीचा ईमेल पाठवला: येऊ शकत नाही. कारण लिहिलं नाही. बाईंनी माझ्यासाठी किती जणांशी भांडून ती जागा मिळवली होती हे नंतर कळलं. लाजेने मी पुन्हा कधी लिहिलंच नाही. बघता बघता सतरा वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या शेजारणीचा, मॉइराचा, सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना ईमेल आला. निवृत्तीनंतर एडिनबराजवळच्या एका समुद्रकाठच्या गावी राहणाऱ्या बाईंना मेंदूचा झटका येऊन गेला होता. कोणाला भेटायचं असेल तर या, असं तिने लिहिलं होतं.

एडिनबराला माझी भाची केतकी असते, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करते. स्टेशनवर तिने आधी माझ्या पातळ स्वेटरकडे पाहिलं.

"मावशी, यू मस्ट बी जोकिंग! हा स्वेटर इथे समरमध्ये पण चालत नाही." तिने स्वतःचं जाकीट माझ्या अंगावर चढवलं. "उद्या मला मीटिंग आहे, नाहीतर ड्रॉप केलं असतं. बसचं तिकीट मी ॲपवर काढून देते, तू फक्त स्टॉप मिस नको करू."

स्टॉप मी चुकवला नाही, दोन आधीच उतरले. ड्रायव्हर जे बोलला त्यातलं गावाचं नाव तेवढं मला कळलं होतं. समोर कापणी झालेली बार्लीची शेतं आणि त्यांच्यावरून सरकत येणारा 'हार' (समुद्रावरून येणारं दाट धुकं). त्यात रस्ताच दिसेना. कुत्रा फिरवायला निघालेले एक म्हातारे गृहस्थ थांबले, त्यांना मी बाईंचं नाव सांगितलं.

"विलेमिनाकडे? चला, सोडतो. इथून 'वी' (लहानसं) अंतर आहे."

ते वी अंतर पाऊण तासाचं निघालं. पण वाटेत त्यांनी सांगितलं की गावातल्या बोटींच्या धक्क्यावरून मासेमार आणि हॉटेलवाले यांचा वाद झाला, तेव्हा बाईंनी दोघांना चर्चच्या हॉलमध्ये समोरासमोर बसवून तो मिटवला. "कोर्टात गेलो असतो तर अजून भांडत असतो," ते म्हणाले, आणि दारापर्यंत सोडून गेले.

दार मॉइराने उघडलं. सत्तरीची, भक्कम बांध्याची, हाताला पीठ लागलेलं. "आत या. एक गोष्ट आधी सांगते. तिचं इंग्रजी गेलंय. डॉक्टर म्हणतात असं होतं; नंतर शिकलेली भाषा आधी जाते. फक्त डच उरली आहे."

विमानात बसून मी माफीचं भाषण तयार केलं होतं. इंग्रजीत.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, उजवा हात मांडीवर निपचित. मला पाहून त्या काहीतरी बोलल्या. मॉइराने फोनवरचं भाषांतराचं ॲप पुढे धरलं. ते म्हणालं, "तू ओलं बदक आहेस." मॉइरा हसली, बाई हसल्या, आणि मला मात्र रडू फुटलं.

मग मी त्यांच्याजवळ बसले आणि मराठीत बोलले. कसं कोण जाणे, तेच सुचलं. "बाई, माझं चुकलं हो. तुम्ही एवढं केलंत आणि मी साधं कारणसुद्धा कळवलं नाही. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती." त्या मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवलं.

मॉइराने तिथून एक निळी वही काढली. धुळ्याची वही. आजोबांची वाक्यं बाईंनी रोमन लिपीत जशी ऐकली तशी उतरवली होती, खाली डचमध्ये अर्थ. बाईंनी सावकाश पानं उलटली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. बाजूला मोठं प्रश्नचिन्ह होतं. मी अक्षरं जुळवली: 'शेपटाकडचा'.

त्या दिवशी मी कुठे होते कोण जाणे. हा शब्द भाषांतराविना राहून गेला होता. मी कागद घेतला. नदी, बंधारा, पाट आणि पाटाला लागून शेतं काढली. अगदी शेवटच्या शेतात एक माणूस उभा केला आणि त्याच्यावर बोट ठेवलं. शेपटाकडचा. ज्याच्यापर्यंत पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तो. त्याला मिळालं म्हणजे वाटप खरं, असं आजोबा म्हणायचे.

बाई चित्राकडे बघत राहिल्या. मग डोळे चमकले. डचमध्ये एक शब्द दोनदा उच्चारला, पेन्सिल मागितली आणि डाव्या हाताने, लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरांत, प्रश्नचिन्हाशेजारी तो लिहिला. चेहऱ्यावर अगदी तेच समाधान, जे मी पूर्वी वर्गात पाहिलं होतं.

जेवायला मॉइराने बटाट्याचं गरम सूप आणि ओटच्या जाड पोळ्या दिल्या. मी डब्यातून बिबडे (ज्वारीचे पापड) काढले. बाईंनी ते लोणी लावून खाल्ले, जे धुळ्यात कोणी पाहिलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

निघताना मी मॉइराला विचारलं, "बाई माझ्यावर रागावल्या होत्या का हो?"

"पहिला आठवडा," ती म्हणाली. "मग एकदा चहा घेताना म्हणाली, 'तिला इथे बोलावलं ही माझीच चूक. तिचं काम तिकडे आहे. मला तिला पत्र लिहायला हवं.' पण ती डच बाई, भारी हट्टी. तू आधी लिहिशील म्हणून थांबली असणार."

बाई दारापर्यंत आल्या आणि माझा हात धरून एक लांबलचक वाक्य बोलल्या. मॉइराने फोन काढला. मी तिला नको म्हटलं.

परतीच्या विमानात मला शांत झोप लागली. उपकार मानायला योग्य शब्द आणि योग्य वेळ लागते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या दोन्हींची वाट बघण्यात समोरचं माणूस थकून जातं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझं नशीब, की माझं माणूस अजून खिडकीपाशी बसलेलं होतं.

धुळ्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कागद-पेन घेऊन बसले. आठवीत मला इंग्रजी शिकवणारे सर हल्ली शिरपूरला मुलीकडे असतात, नव्वदीला टेकलेत. 'आदरणीय सर' एवढं लिहिलं. मग पेन खाली ठेवलं, पायांत चपला सरकवल्या आणि शिरपूरची एसटी पकडली.