सहा नंबरची प्रेस
परवा बायकोची ट्रंक रिकामी केली, तर तळाशी माझा कंपनीतला जुना खाकी शर्ट निघाला. त्याला अजून मशीन ऑइलचा वास येत होता, आणि मला भोसरीच्या शेडमधली पत्रा दाबायची सहा नंबरची प्रेस आठवली. तिच्यात सापडून आमचा एक गडी मेला होता, तेव्हापासून ती बंदच होती. महिन्यानं मालकानं ती चालू करायला सांगितली. त्याच दिवशी भर दुपारी लाइट गेली, सगळी मशिनं थांबली, आणि त्या गप्प शेडमध्ये बंद प्रेसचा एक ठोका धाडकन पडला. मग कोण बसतंय तिच्यावर! मी फोरमनला बाजूला घेतलं. "त्या नव्या बौद्ध गड्याला बसवा. त्याच्या बाजूनं बोलणारं कोण हाय हितं?" फोरमन तिथनं सरळ शेडच्या मधोमध गेला. मग सगळ्यांना म्हणाला, "उद्यापासून रोज पाळी बदलंल. पहिली माझी." चौथ्या दिवशी माझी पाळी आली. शेडला रात्रभर कुलूप होतं, तरी त्या प्रेसपुढचं स्टूल आत्ता कुणी उठून गेल्यासारखं गरम लागलं. मी दोन पावलं मागं सरलो. तेवढ्यात तो नवा गडीच जवळ आला. "भिऊ नका भाऊ, मी हाय ना," म्हणाला, आणि दहा-बारा नग निघेपर्यंत हलला नाही. त्याचं नाव मीच सुचवलं होतं, हे त्याला कधी कळलं नाही. फोरमन मागंच वारला. बायकोला मी सांगितलं होतं, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आता ती पण गेली. हे माहीत असलेला मी एकटाच उरलोय.