जाळीवरचं टिश्यूचं पाकीट

भावना रामटेकेला जागेवरून उठवायचं, तर आधी त्या जागी दुसरं माणूस आणून बसवावं लागतं. हे काही तिचं खूळ नव्हे, तिच्या कामाचा नियमच आहे तो. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ती कंट्रोल रूममध्ये बसते. समोर पडदे, पडद्यांवर दाबाचे आणि तापमानाचे आकडे, आणि ते आकडे बिघडले तर काय होईल याचा विचार न केलेलाच बरा. पाळी संपली म्हणून तिथून कुणी उठून जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, शेजारी उभा राहतो, सगळे पडदे डोळ्यांखालून घालतो आणि मोठ्यानं म्हणतो, "घेतलं." ते ऐकल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, मग तहान लागो की घरी पाहुणे येऊन बसलेले असोत. भावनानं इतक्या वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता, आणि मोडणाऱ्यांची तिनं अशी काही खरडपट्टी काढली होती की पुन्हा कुणाची हिंमत झाली नाही.

अशी बाई २०१४ साली बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर झाली, तेव्हा ती राहते त्या बुकित बातोकच्या मराठी मंडळींत महिनाभर दुसरा विषय नव्हता. चाळिशी उलटलेली, लग्न न केलेली, भंडाऱ्याची पोरगी, आणि आता म्हणे तोंडाला जाळी बांधून बर्फावर उभी राहते! अहो, राहते. तुमचं काय जातं?

झालं होतं एवढंच, की कंपनीची बस तिला जुरोंग ईस्टला सोडायची आणि तिथल्या मॉलमध्ये बर्फाचं मैदान होतं. बाहेर घामानं जीव नकोसा झालेला असताना आत काचेपलीकडे माणसं स्वेटर घालून घसरतायत हे तिला फार गमतीचं वाटायचं. भंडाऱ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत ती लहानपणी चाकांचे स्केट बांधून हिंडलेली, त्यामुळे बर्फावर तोल सांभाळायला तिला फार दिवस लागले नाहीत. तिथंच तिला प्रबोध भेटला. प्रबोध पुण्याचा, आयटीतला मॅनेजर, तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. स्वतः बर्फावर धड उभा राहू शकत नसे, पण 'वेस्ट ऑटर्स' नावाच्या संघाचा मॅनेजर होता.

चार संघांची ती लीग. स्वतःला व्यावसायिक म्हणवून घ्यायची, का, तर प्रत्येक संघ दोन परदेशी खेळाडूंना पगार द्यायचा. बाकीचे सगळे हौशी, आपापल्या नोकऱ्या सांभाळून येणारे. ऑटर्सना गोलकीपर मिळत नव्हता, कारण रबराची ती टणक चकती, पक म्हणतात तिला, वेगानं येते तेव्हा तिच्यासमोर आपणहून उभं राहायला कोण तयार होणार!

"ताई, तुम्ही फक्त उभं राहायचं," प्रबोध म्हणाला होता. "बाकी सगळं पोरं बघतील."

पोरांनी काही बघितलं नाही. ऑटर्स हरत गेले, भावना चकत्या अंगावर घेत गेली. दंडावर, मांडीवर, बरगडीखाली काळेनिळे डाग घेऊन ती पाळीवर जायची. पण तिला ते आवडायचं. आकडा बिघडायच्या आधी जसा तो किंचित हलतो, तसाच काठी उचलण्याआधी समोरच्याचा खांदा हलतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. हळूहळू ऑटर्स थोडक्यात हरायला लागले. एक सामना तर बरोबरीत सुटला, तेव्हा पोरांनी तिला उचलून घेतलं. बाई लाजली, पण खाली उतरवा असं काही म्हणाली नाही.

मग सीझनच्या मध्यावर तिनं तो घोटाळा केला. ऑटर्स एका गोलनं मागं होते, शेवटचं मिनिट चालू होतं. अशा वेळी गोलकीपरनं गोल सोडून बाकावर यायचं आणि त्याच्या जागी हल्ल्याला एक जास्तीचा गडी उतरवायचा, अशी या खेळाची रीत. गोल रिकामा राहतो, पण मागं असताना तेवढा धोका पत्करायचाच. बाकावरून सगळे ओरडायला लागले, "भावना, ये! ये!" ती जागची हलेना. प्रबोध तर कठड्यावर चढून हात हलवत होता. ती तिथूनच ओरडली, "अरे, पण माझ्या जागी कोण येतंय?"

कुणीच येणार नव्हतं. तिला ते पटेना. पाहता पाहता भोंगा वाजला आणि ऑटर्स हरले.

"अख्खा संघ बोलावतोय आणि तुम्ही खांबासारख्या उभ्या!" प्रबोधनं कपाळाला हात लावला. भावनाही चिडली. रिकामी जागा सोडून जायची म्हणजे काय, आमच्या कारखान्यात पुढचा माणूस 'घेतलं' म्हटल्याशिवाय कुणी उठत नाही, असल्या नियमाला काही अर्थ आहे का, म्हणून तिनं भर बर्फावर वाद घातला. चूक तिचीच होती, हे तिला घरी पोचल्यावर कळलं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

पोरांनी मात्र त्याचा थट्टेचा विषय केला. सिंगापूरमध्ये हॉकर सेंटरला जेवायला गेलं की आधी टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवतात आणि मग ताट आणायला रांगेत उभे राहतात. याला म्हणतात चोप करणं. पाकीट ठेवलं की जागा धरली. टेबल रिकामं दिसलं तरी तिथं कुणीतरी बसलंय असंच समजायचं. उपाशी माणूससुद्धा ते पाकीट बाजूला सारत नाही, इतकं ते पक्कं. तर पुढच्या सामन्याला संघाचा कॅप्टन वेई जिए यानं गोलच्या जाळीवर, पाण्याच्या बाटलीखाली, एक टिश्यूचं पाकीट अडकवलं आणि सिंगापुरी हेल काढत म्हणाला, "भावना, आता बिनधास्त ये. तुझी जागा चोप केली, लाह!"

सगळे खो-खो हसले. तीही हसली. पण ते पाकीट तिनं काढलं नाही. त्यानंतर प्रत्येक सामन्याला ती स्वतःच बाटलीखाली पाकीट ठेवू लागली.

सीझनचा शेवटचा सामना जवळ आला. तेव्हा तिची आई, बेबीबाई, भंडाऱ्याहून आलेली होती. लेकीचे अंगावर बांधायचे पॅड पाहून ती म्हणाली, "हे काय वं? पाय हायेत का गाद्या?" सराव पाहून आल्यावर तर तिला वेगळीच काळजी. "सारे पळून ऱ्हायले अन् तू एकटीच दारात उभी काहून?"

"मीच दार सांभाळते, आई."

"मंग सांभाळ," बेबीबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

त्याच आठवड्यात प्रबोधनं भावनाला कॉफीला बोलावलं. शेवटच्या सामन्याला, संघाला पैसे पुरवणारी कंपनी पाहुणे घेऊन येणार होती. त्यानं मारेक नावाचा एक चेक गोलकीपर आणला होता, पगारी, तरणाबांड, नुकताच सिंगापूरला उतरलेला.

"ताई, आपली माणसं म्हणून सांगतो, राग मानू नका. शेवटचा सामना मारेक खेळेल. पुढचा सीझनही त्यालाच द्यायचा विचार आहे. तुम्ही बाकावर असालच ना, संघाचा ड्रेस घालून."

भावनानं कप खाली ठेवला. "अख्खा सीझन चकत्या अंगावर घेतल्या मी. आणि आता पाहुणे येणार म्हटल्यावर मला मागच्या बाकावर बसवतोस होय रे?"

"अहो, मागचा बाक कुठे, खेळाडूंचा बाक..." प्रबोध गडबडला. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

भावना तिसरीत होती तेव्हा शाळा बघायला कुणी साहेब येणार होते. गुरुजींनी तिला पहिल्या बाकावरून उठवून शेवटच्या बाकावर बसवलं. का, ते सांगायची गरज नव्हती, रामटेके आडनावात काय ते वर्गाला कळत होतं. दुसऱ्या दिवशी बेबीबाई लेकीबरोबर शाळेत आली आणि जेवणाचा डबा मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसली. "गुरुजी, तुमी शिकवा. मी बसून ऱ्हायली." हेडमास्तर येईपर्यंत ती उठली नाही. ही जागा भावनाची, असं त्यांच्या तोंडून भर वर्गात वदवून घेतलं, तेव्हाच बाई घरी गेली.

आता त्या बाईची लेक एका कपभर कॉफीत ऐकणार होती?

सामन्याच्या दिवशी भावना सगळ्यांच्या आधी पोचली. पॅड बांधले, बर्फावर उतरली, जाळीवर बाटली ठेवली, बाटलीखाली पाकीट. मग बाकावर जाऊन बसली. वर प्रेक्षकांत बेबीबाई स्वेटर, शाल आणि पायमोजे असा सगळा जामानिमा करून बसली होती. संघ उतरला. प्रबोधनं मारेकला गोलकडे पाठवलं. वाटेत वेई जिएनं काठी आडवी धरली.

"तिथं चोप केलंय."

"अरे बाबा, ती थट्टा होती!" प्रबोध ओरडला. "काढ ते पाकीट."

"तू काढ," वेई जिए म्हणाला.

प्रबोध तरातरा बर्फावर उतरला, दोनदा घसरला, कसाबसा जाळीपर्यंत गेला. हात पुढं केला. मागं वळून बघतो तर सगळा संघ त्याच्याकडे नुसता बघत उभा. त्यालाही सिंगापूरला येऊन दहा वर्षं झाली होती, टिश्यूचं पाकीट त्यानंही कधी उचललं नव्हतं. हात तसाच मागं आला. भावना उठली, त्याच्या शेजारून गेली आणि गोलमध्ये उभी राहिली.

खेळली, आणि काय खेळली! एक चकती गळ्याशी लागली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, पण गुडघा टेकला नाही. तरी शेवटच्या मिनिटाला ऑटर्स एका गोलनं मागंच होते. पुन्हा तीच वेळ. बाकावर सगळे उभे राहिले, पण या वेळी कुणी ओरडेना. प्रबोधनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि मराठीत ओरडला, "भावनाताई, घेतलं!"

तिनं एकदा बाटलीखालच्या पाकिटाकडे बघितलं आणि जीव खाऊन बाकाकडे सुटली. जास्तीचा गडी उतरला. ऑटर्स तुटून पडले. आणि कुणाच्या तरी काठीवरून चकती निसटली, समोरच्यानं ती लांबूनच मारली, ती घरंगळत घरंगळत रिकाम्या जाळीत जाऊन बसली. आता दोन गोलांनी मागं. संपलं सगळं.

उरले होते थोडे सेकंद. भावना कठडा ओलांडून परत बर्फावर उतरू लागली.

"ताई, राहू द्या," प्रबोध म्हणाला. "आता काय उरलंय?"

"वेळ उरलाय," ती म्हणाली आणि गेली. दुसरा संघ आधीच मिठ्या मारायला लागला होता, पाहुणे उठले होते. एवढ्या त्या मोठ्या मैदानात एकटी बाई गोलसमोर वाकून, काठी टेकून उभी. वरून बेबीबाई शाल फेकून ओरडली, "हालू नको वं भावना! उभी ऱ्हाय!"

भोंगा वाजेपर्यंत ती हलली नाही. मग हेल्मेट काढलं, आईकडे बघून हात वर केला आणि ढसाढसा रडत हसली. बाटली घेतली. पाकीट जाळीवरच खोचलं.

मैदान रिकामं झाल्यावर मारेकनं प्रबोधला विचारलं, "म्हणजे पुढच्या सीझनला ती जागा रिकामी आहे ना?"

प्रबोधनं जाळीवरच्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

"नाही," तो म्हणाला. "तिथं बसलंय कुणीतरी."