टेकडीआडची फौज

माझा नवरा प्रबोध जहाजावर इंजिनिअर आहे, पण सुट्टीवर घरी आला की सेनापतीच होतो! काल परदेशातल्या आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये त्याने आमच्या सात वर्षांच्या अनघाला १७५७ सालची लॉइथेनची लढाई मांडून दाखवली. उशांच्या टेकड्या, शेंगदाण्यांची प्रशियन फौज, समोर जवळजवळ दुप्पट ऑस्ट्रियन चणे.

"प्रशियाच्या राजाने थोडे सैनिक शत्रूच्या उजवीकडे नाचवले!" तो ओरडला. "शत्रू तिकडेच बघत बसला आणि खरी फौज टेकड्यांआडून डावीकडे घुसली! धडाम!"

चणे सोफ्याखाली उधळले. अनघा टाळ्या पिटता पिटता थांबली.

"बाबा, तू जहाजावर जायच्या दिवशी आई मला खाली प्लेग्राउंडवर नेते. मी वर येते तर तू नसतोस. सेम ला!" इथल्या मुलांसारखा शेवटी 'ला' लावत ती म्हणाली.

प्रबोध माझ्याकडे बघत राहिला. मी सोफ्याखाली वाकून चणे शोधू लागले.