चपला नसलेलं दार

वारज्याच्या आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकू मुलाकडे अमेरिकेला गेल्या, तेव्हा किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या. अधूनमधून नळ सोडायचे, खिडक्या उघडायच्या, एवढंच काम. मी मात्र दर रविवारी दुपारी तिथे भुताच्या गोष्टी लिहायला बसू लागलो. आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीत इतरांच्या चुका शोधायच्या. आपलं असं काही फक्त त्या खोलीत सुचायचं. पण चाळिशीतल्या माणसाने भुतं लिहावीत याची लाजही वाटे. बायकोला सांगायचो, वाचनालयात चाललोय. कुणाला कळू नये म्हणून चपलाही आत घ्यायचो.

तिथेच घोळ झाला. दाराबाहेर चपला नाहीत म्हणजे घरात माणूस नाही, असंच आपल्याकडे धरतात.

"आत खुर्ची सरकते आणि बाहेर चप्पल नाही," काकूंच्या समोर राहणारे आजोबा मला जिन्यात म्हणाले. "इंजिनिअर ना तुम्ही? लावा की शोध."

मी नुसता हसलो, आणि त्यांचं वाक्य गोष्टीत घातलं. ती दिवाळी अंकात छापून आली.

बायकोने वाचली. म्हणाली, "तू बाहेर पडलास की वर आवाज सुरू होतो. लक्षात आलंय तुझ्या?" तिला संशय भुताचा होता की माझा, मला कळेना. मी विषय बदलला.

मग काकूंचा फोन आला. आजोबांनी सगळं काकूंच्या मुलाच्या कानावर घातलं होतं आणि तो घर विकायला निघाला होता.

"मला माझ्या घरी यायचंय हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही जाता तिथे. खरं सांगा, काही आहे का?"

त्या आल्या तर माझी खोली जाणार, हा विचार आलाच. तो आला याचीच भीती वाटली.

"काकू, तो मीच असतो. लिहायला बसतो."

"मग चपला बाहेर काढायला काय झालं होतं?" त्या कडाडल्या. "मुलाला फोन देते, त्यालाही सांगा."

त्यालाही सांगितलं. फोन ठेवला तर बायको मागे उभी. "वाचनालय म्हणे! रविवारी दुपारी पुण्यात काय उघडं असतं?"

काकू परत आल्या. मी आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितो. दुपारी वर खुर्ची सरकते. काकूच आहेत, हे माहीत असतं. तरी मी जिना चढून दार बघून येतो.

"आहेत हो, दोन्ही आहेत!" आतून काकू ओरडतात.